पाटावरची सुपारी

आमच्या घरी भाऊबीजेच्या संध्याकाळी दोन पाट मांडले जात. एकावर माझे दोघे भाऊ आळीपाळीने बसत आणि आम्ही बहिणी त्यांना ओवाळीत असू. दुसरा पाट आजीच्या भावाचा. त्यावर कोणी बसत नसे. आजी त्या पाटावर मूठभर तांदूळ पसरी, त्यावर एक सुपारी ठेवी, सुपारीला कुंकू लावी आणि तिलाच ओवाळी. मग स्वतःच्याच कनवटीचा एक आणा तबकात टाकून ती मुकाट्याने उठे.

आजीचा हा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला होता. आमच्या साताऱ्याकडे त्या साऱ्या मुलखाला ‘बसरा’च म्हणत. १९१६ सालापर्यंत त्याची पत्रे येत. म्हणजे कोणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रे येत. मग ती थांबली. तो पडला असे कोणी कळवले नाही, जिवंत आहे असेही कोणी कळवले नाही. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडची रीत आहे. पण आजी चंद्राला ओवाळायला तयार नसे. तसे करायचे म्हणजे भाऊ नाही हे कबूल करायचे. बारा वर्षे झाल्यावर गावातल्या जाणत्यांनी दर्भाची प्रतिमा करून क्रिया उरकून घ्या असे सुचवले, तेव्हाही तिने कोणाचे ऐकले नाही म्हणतात.

मी आठ वर्षांची असेन. एका भाऊबीजेला मी सर्वांदेखत विचारले, “आजी, तो तर मेलाय ना?” आईने डोळे वटारले. आजी मात्र रागावली नाही. सुपारीवरचे कुंकू नीट करीत ती म्हणाली, “मेला आसंल गं बाये. पर मला कुनी सांगितलंय का?”

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. तीसेक वर्षे मुलांकडून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. कोण जिंकले, कोण हरले, तहाची कलमे कोणती, हे सारे शिकवले. पण आजीच्या त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच क्रमिक पुस्तकात नव्हते. ते थोडेफार सापडले ते फार दूरच्या एका देशाच्या इतिहासात आणि तिथवर मला नेले ते एका गोष्टीच्या पुस्तकाने.

शान्ताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’ कोणत्या मराठी घरात वाचली गेली नाही? चार बहिणी, त्यांची समंजस आई, नाताळ आलेला आणि घरात पैशांची ओढ. वडील घरी नाहीत. ते लढाईवर गेले आहेत. मुलींच्या भांडणांत आणि लग्नांत आपण इतके रमतो की, ही लढाई कोणती, हे विचारायचे राहूनच जाते. ती होती अमेरिकेतील यादवी, १८६१ ते १८६५ या चार वर्षांची. मूळ पुस्तक लुइझा मे अल्कॉट हिने १८६८ साली प्रसिद्ध केले. ती स्वतः १८६२ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन येथील लष्करी इस्पितळात शुश्रूषेसाठी गेली होती आणि काही आठवड्यांतच विषमज्वराने अंथरुणाला खिळून घरी परतली. गोष्टीत वडील आजारी असल्याची तार येते, आई तातडीने निघते आणि जो आपले केस विकून प्रवासाला पैसे आणते. त्या काळी अशा तारा हजारो घरांत येत होत्या. तार येणारे घर त्यातल्या त्यात भाग्याचे म्हणायचे. कारण कित्येक घरांत काहीच येत नव्हते.

‘यादवी’ हा शब्द आपण श्रीकृष्णाच्या कुळावरून घेतला. अमेरिकेत तंट्याचे मूळ होते गुलामगिरी. १८६० च्या शिरगणतीत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांतले जवळजवळ ४० लाख लोक गुलाम होते. लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून येताच दक्षिणेतली राज्ये फुटू लागली. अखेर अकरा राज्यांनी वेगळी चूल मांडली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. दोन्हीकडच्या लोकांना वाटत होते की, पाऊसपाण्याच्या आत सारे आटोपेल. पण चार वर्षे लोटली. मृतांचा आकडा पुष्कळ काळ ६ लाख २० हजार असा सांगितला जाई. अलीकडच्या अभ्यासकांनी जुन्या शिरगणत्या ताडून पाहून तो साडेसात लाखांच्या आसपास असावा असे म्हटले आहे. शंभर माणसांमागे दोन गेली. त्यांतही गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर आणि गोवर यांनी अधिक नेली.

आता गंमत पाहा. गंमत कसली, दुर्दैवच ते. एवढी प्रचंड सैन्ये उभी करणाऱ्या त्या दोन्ही सरकारांपाशी, मेलेल्या शिपायाच्या घरी ते कळवण्याची काही रीतसर व्यवस्थाच नव्हती. गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. लढाईला जाताना शिपाई आपले नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून तो अंगरख्याला टाचीत. घरच्यांना बातमी कळायची ती वर्तमानपत्रांतील याद्यांतून, सोबत्याच्या पत्रातून किंवा इस्पितळातल्या एखाद्या दयाळू बाईच्या पत्रातून. आणि त्या याद्यांचा तरी भरवसा काय? १८६२ च्या डिसेंबरात कवी वॉल्ट व्हिटमन याच्या घरच्यांनी फ्रेडरिक्सबर्गच्या जखमींच्या यादीत एक नाव वाचले. आडनाव चुकीचे छापले होते, तरी तो आपलाच जॉर्ज असे त्यांनी ताडले. व्हिटमन भावाला शोधीत निघाला. भाऊ सापडला, गालावर लहानशी जखम घेऊन. पण त्या शोधात जे दृष्टीस पडले त्यामुळे व्हिटमन वॉशिंग्टनलाच राहिला आणि पुढे इस्पितळांतून जखमींच्या उशाशी बसून त्यांची पत्रे लिहून देऊ लागला. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटले, आजीच्या भावाची पत्रेही कोणीतरी अशीच लिहून दिली असतील.

पत्राची ओढ काय असते याची आणखी एक हकीकत सांगतात. तोवर अमेरिकेतील शहरांतही आपले टपाल आपण कचेरीत जाऊन आणावे लागे. क्लीव्हलंडच्या टपाल कचेरीतील एका नोकराला ऐन थंडीत पत्रांसाठी ताटकळणाऱ्या बायकांची रांग पाहवेना. पत्रे घरोघर पोचवावीत, असे त्याच्या मनाने घेतले. १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांत फुकट घरपोच टपाल सुरू झाले.

नेमक्या त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग नावाच्या लहानशा गावी लढाईला तोंड लागले. गावाची वस्ती सुमारे चोवीसशे. तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास लोक मेले, घायाळ झाले किंवा बेपत्ता झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी जेनी वेड ही वीस वर्षांची मुलगी बाळंतीण बहिणीच्या घरी पावासाठी कणीक मळीत होती. दोन दारे भेदून आलेल्या गोळीने ती जागीच ठार झाली. सैन्ये निघून गेली आणि प्रेते राहिली, तीही जुलैच्या उन्हात. गावच्या स्मशानाचा राखणदार सैन्यात गेला होता. त्याच्या जागी त्याची बायको एलिझाबेथ थॉर्न काम पाहत होती. तिला सहावा महिना होता. मदतीला आलेले लोक दुर्गंधीने आजारी पडून निघून गेले. तिने आणि तिच्या म्हाताऱ्या बापाने मिळून खडकाळ जमिनीत शंभराच्या आसपास खड्डे खणून शिपायांना मूठमाती दिली. इतिहासात सेनापतींची नावे मी वर्षानुवर्षे शिकवली. हे नाव मला निवृत्त झाल्यावर कळले.

याच गावात एक शिपाई मेलेला सापडला. जवळ नावाचा कागद नाही, पत्र नाही. हातात मात्र काचेवर उठवलेली एक तसबीर होती. तीत तीन लहान मुले, दोन मुलगे आणि एक मुलगी. मरताना तो तिच्याकडेच पाहत असावा. ती तसबीर फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरच्या हाती आली. त्या काळी वर्तमानपत्रांत छायाचित्र छापण्याची सोय नव्हती. म्हणून १८६३ च्या ऑक्टोबरात तिचे शब्दांनी वर्णन छापण्यात आले. मुलांची वये काय दिसतात, कोणी काय घातले आहे, हे सारे त्यात होते. थोरल्या मुलाचा सदरा आणि मुलीचा झगा एकाच कापडाचा आहे, हेही होते. एकाच ताग्यातले कापड घेऊन आईने दोघांचे शिवले असणार. दिवाळीला आपल्याकडेही असेच होत असे. ही हकीकत एका वृत्तपत्रातून दुसऱ्यात जात न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल गावी पोचली. तेथे फिलिंडा हमिस्टन नावाच्या बाईने ती वाचली. तिने आपल्या नवऱ्याला मुलांची तसबीर पाठवली होती आणि गेटिसबर्गनंतर त्याचे पत्र नव्हते. नोव्हेंबरात तसबिरीची प्रत तिच्या हाती पडली. मुले तिचीच होती. त्या क्षणी तिला कळले की, आपण विधवा आहोत. शिपायाचे नाव एमॉस हमिस्टन. पुढे त्या गावी शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी आश्रम निघाला आणि ही बाई मुलांसह काही काळ तेथेच राहिली.

मला त्या बाईचे दुःख तर कळतेच. पण खरे सांगायचे तर तिचा थोडा हेवाही वाटतो. तिला कोणीतरी सांगितले.

उत्तरेकडच्या घरांत दुःख होते तरी चूल पेटती होती. बायका शेते सांभाळीत, पायमोजे विणीत, जुन्या धुवट कापडाच्या दशा काढून जखमांसाठी पाठवीत. सॅनिटरी कमिशन नावाच्या संस्थेसाठी शहरोशहरी जत्रा भरवून पैसा उभा केला जाई. दक्षिणेत मात्र चुलीचाच प्रश्न होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरे कोंडली आणि बाहेरून येणारा माल आटला. मीठ मिळेना. डुकराचे मांस खारवून वर्षभर पुरवायचे ही तिकडची रीत; तेव्हा मिठावाचून बेगमीच बसली. लोक मांस धुरवण्याच्या जुन्या खोल्यांची जमीन खणून, ती खारट माती उकळून मीठ काढीत. कॉफीऐवजी भाजलेली रताळी, राय, भेंडीचे बी असे काहीबाही उकळून पीत. माळ्यावर टाकलेले जुने माग खाली आले आणि पोरीबाळी घरी काढलेल्या सुताची जाडीभरडी वस्त्रे नेसू लागल्या. सरकार नोटा छापीत सुटले. टोपलीत पैसे न्यावे आणि खिशातून सामान आणावे, अशी थट्टा लोक करीत.

२ एप्रिल १८६३ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे ही थट्टा संपली. शेकडो बायका जमल्या, गव्हर्नरकडे गेल्या आणि तेथे समाधान न झाल्यावर त्यांनी दुकाने फोडून पीठ, मांस, जोडे, जे सापडले ते उचलले. खुद्द अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस रस्त्यावर आले, त्यांनी खिशातली नाणी गर्दीत फेकली आणि मग घड्याळ काढून पांगण्यास पाच मिनिटांची मुदत दिली, नाहीतर गोळीबार होईल, अशी हकीकत सांगितली जाते. बायका पांगल्या. ही बातमी छापू नये म्हणून सरकारने वृत्तपत्रांना विनवले, पण भुकेची बातमी किती दिवस लपणार? त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराला सत्तेचाळीस दिवस वेढा पडला. तोफांच्या भयाने लोकांनी टेकड्यांच्या मातीत गुहा खोदल्या आणि गालिचे-खुर्च्या आत नेऊन संसार मांडले. खेचराचे मांस खाण्याची वेळ आली. कागद संपला तेव्हा तिथले वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापले गेले.

मृत्यूला उत्तर-दक्षिण ठाऊक नव्हते. २० फेब्रुवारी १८६२ रोजी लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा विली विषमज्वराने वारला. ३० एप्रिल १८६४ रोजी डेव्हिसचा पाच वर्षांचा जो रिचमंडच्या घराच्या सज्जातून पडून गेला. लिंकनची बायको मेरी मूळची केंटकीची. तिचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या सैन्यात होते आणि त्यांतले काही मारले गेले. तिच्या सावत्र बहिणीचा नवरा सेनापती हेल्म १८६३ च्या सप्टेंबरात दक्षिणेकडून लढताना पडला. ती तरुण विधवा एमिली डिसेंबरात व्हाइट हाउसवर येऊन राहिली. तेथे एक बहीण मुलासाठी रडत होती, दुसरी नवऱ्यासाठी. आणि लढाईचा विषय मात्र दोघी टाळीत. शत्रूच्या माणसांसाठी उघड रडायची मेरीला सोयही नव्हती.

रडायची सोय ज्यांना मुळीच नव्हती त्यांच्याविषयी न लिहिता हा लेख पुरा करणे अन्यायाचे होईल. केंटकी राज्य लिंकनच्या बाजूला राहिले होते, त्यामुळे १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा तेथे लागू नव्हता. सैन्यात भरती झालेला काळा पुरुष मुक्त होई. त्याची बायकामुले गुलामच राहत. ती जीव मुठीत धरून कॅम्प नेल्सन या छावणीच्या आश्रयाला येत. १८६४ च्या नोव्हेंबरात, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या अधिकाऱ्याने अशा सुमारे चारशे बायकामुलांना गाड्यांत घालून बाहेर काढले आणि त्यांच्या झोपड्या मोडल्या. जोसेफ मिलर नावाच्या शिपायाने याविषयी दिलेली जबानी कागदोपत्री राहिली आहे. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला बाहेर काढू नका, तो मरेल, असे बापाने विनवले. रात्री पहाऱ्यातून सुटी होताच तो शोधीत निघाला, सहा मैलांवर त्याला बायकामुले सापडली. मुलगा मेला होता. तो रात्रीच चालत छावणीत परतला, कारण तो शिपाई होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला आणि मुलाला पुरले. त्या हकालपट्टीत शंभरावर बायकामुले दगावली. काही आठवड्यांत मिलरचे उरलेले कुटुंब आणि तो स्वतःही गेला. बोभाटा झाल्यावर मात्र छावणीत निवारे बांधले गेले आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्याने अशा शिपायांच्या बायकामुलांना मुक्तता मिळाली.

या युद्धाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध कापसाचा. अमेरिकेतला कापूस कोंडला गेला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या-उश्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी आपल्याकडे सांगतात. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघत आणि त्यांचे भाग हातोहात खपत. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. तेथे घरोघर सुटकेचा श्वास पडला. ती बातमी पोचली आणि मुंबईत भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौदे पुरे करण्याचा दिवस होता, त्या दिवशी पेढ्या बुडाल्या. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या हाती गेला. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या आगीच्या अनेक कारणांपैकी हेही एक. एका देशाच्या दुःखावर दुसऱ्याने दिवाळी साजरी केली की तिचा हिशेब केव्हातरी द्यावा लागतो.

युद्ध संपले, वाट पाहणे संपले नाही. क्लारा बार्टन या बाईने वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता शिपायांचा शोध घेणारी कचेरी उघडली. तीन-चार वर्षांत तिच्याकडे ६३,००० वर पत्रे आली आणि २२,००० वर शिपायांचे काय झाले हे तिने घरच्यांना कळवले. त्या कचेरीची पाटी आणि कागद पुढे विस्मरणात गेले; ते १९९० च्या दशकात, इमारत पाडण्याची तयारी चालू असताना माळ्यावर सापडले. सरकारनेही रणांगणे धुंडून उत्तरेच्या तीन लाखांहून अधिक शिपायांची प्रेते राष्ट्रीय स्मशानांत आणली. जवळजवळ निम्म्यांच्या दगडावर नाव घालता आले नाही. दक्षिणेचे शिपाई त्यांत घेतले नव्हते. त्यांची हाडे त्यांच्या बायकांनी मंडळ्या काढून, वर्गणी गोळा करून वेचली. आणि मुक्त झालेले गुलाम पुढे कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिले. माझ्या आईला अमुक गावी विकले होते, कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. व्यासांनी युद्धानंतर एक स्त्रीपर्व लिहिले, ते उगाच नव्हे. रणांगणावर आपले माणूस शोधणाऱ्या बायकांपाशीच युद्धाची गोष्ट संपते.

बसऱ्याला महायुद्धातील बेपत्तांचे एक मोठे स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी साध्या शिपायांची नावे कोरली नाहीत. पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा घातला. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ स्वस्थ बसून होते. त्या आकड्यातला एक आमचा असेल किंवा नसेलही.

आजी १९७१ साली गेली. त्याआधीच्या भाऊबीजेला नेहमीप्रमाणे मी दुसरा पाट मांडला, तांदूळ आणून ठेवले. आजीने सुपारी हातात घेतली, जरा वेळ पाहिली आणि डब्यात परत टाकली. “औंदा चांदाला ओवाळू,” ती म्हणाली. मी तिला धरून अंगणात नेले. बीजेची कोर बारीक होती, तिला नीट दिसत नव्हती. मी हात धरून दिशा दाखवली. तिने ओवाळले, कनवटीचे नाणे तबकात टाकले आणि म्हणाली, “चल आत, गार लागतंय.”

तो पाट अजून माझ्याकडे आहे.